पोवळ्यांच्या घरचा दिवा

घरात काचेची टाकी आणावी, तीत खारे पाणी भरावे आणि उष्ण समुद्रातील प्रवाळभित्तीचा एखादा लहानसा तुकडा तीत जिवंत ठेवावा, हा छंद युरोप, अमेरिका, जपान या देशांत आज हजारो घरांतून जोपासला जातो. या छंदात नव्याने पडणाऱ्या माणसापुढे पहिला मोठा प्रश्न उभा राहतो तो मासे कोणते घ्यावेत हा नव्हे, तर टाकीवर दिवा कोणता लावावा हा. वरवर पाहता हा दुकानदाराला विचारण्याजोगा प्रश्न आहे. किती वॅटचा, किती किमतीचा आणि किती दिवस टिकणारा, एवढे कळले म्हणजे संपले, असे कोणासही वाटेल. परंतु या साध्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर हाती येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. कारण दिवा निवडण्यापूर्वी पोवळे म्हणजे काय, हे माणसाला कळावे लागले; आणि ते कळल्यावरही, उजेडाच्या बाबतीत आपले डोळे हेच प्रमाण, ही समजूत त्याला सोडावी लागली. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कठीण ठरली.

आपल्याकडे पोवळे हे नवरत्नांपैकी एक. मंगळाचे रत्न म्हणून ते अंगठीत बसते, आणि जुन्या घरांतील दागिन्यांच्या पेटीत पोवळ्यांची एखादी माळ हमखास सापडते. रत्न म्हणजे खडा, आणि खड्याला उजेडाची भूक कुठून असणार? युरोपातील विद्वानही त्याला कधी खनिज समजत, तर कधी वनस्पती. १७०६ च्या सुमारास मार्सिली या इटालियन पंडिताने पोवळ्याची ताजी फांदी समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवली, तेव्हा तिच्यावर इवली इवली पांढरी फुले उमललेली त्याला दिसली. पोवळे ही वनस्पतीच होय, असा निर्वाळा त्याने दिला. त्यानंतर वीसेक वर्षांनी मार्सेय येथील पेसोनेल या वैद्याने तीच फुले पुन्हा निरखली आणि ती फुले नसून तोंड व स्पर्शके असलेले प्राणी आहेत, असे प्रतिपादन केले. हे मत त्या काळी इतके विक्षिप्त वाटले की पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ते मांडताना रेओम्यूर या थोर शास्त्रज्ञाने लेखकाचे नाव सांगण्याचे टाळले. पुढे पेसोनेलचेच म्हणणे खरे ठरले. पोवळे हा प्राणी आहे. चुन्याचा सांगाडा रचीत जाणाऱ्या, परस्परांना जोडलेल्या असंख्य लहान जीवांची ती एक वसाहत असते. या एकेका जीवाला पॉलिप म्हणतात.

येथे एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मार्सिली आणि पेसोनेल यांनी पाहिलेले, दागिन्यात वापरले जाणारे तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातील कपारींत आणि अंधाऱ्या गुहांत वाढते. त्याला उजेडाची गरज नसते. पाण्यातून वाहत येणारे सूक्ष्म अन्नकण त्याला पुरतात. प्रवाळभित्ती बांधणारी पोवळी मात्र उष्ण समुद्राच्या उथळ, उजळ पाण्यातच फोफावतात. नाव एक असले तरी दोघांची उपजीविका वेगळी आहे. दिव्याच्या पुढील सगळ्या कथेचे बीज या भेदात आहे.

पोवळी घरात जिवंत ठेवण्याचा पहिला गाजलेला प्रयोग एका स्त्रीने केला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील एका वरिष्ठ धर्माधिकाऱ्याची पत्नी ॲना थिन हिने १८४६ साली इंग्लंडच्या दक्षिणेकडील टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही पोवळी दगडी बरणीत घालून लंडनला आणली. पाण्यात हवा मिसळत राहावी म्हणून उघड्या खिडकीपाशी ते पाणी रोज एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतण्याचे काम तिने आपल्या दासीकडे सोपविले. पोवळी जगली, एवढेच नव्हे तर वाढलीही. परंतु ती थंड समुद्रातील, उजेडावाचून जगणारी पोवळी होती. तिच्या यशात पाण्याचा आणि हवेचा वाटा होता. प्रकाशाची परीक्षा तेथे झालीच नाही.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याच्या ग्रंथाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघर पोचविला. दिवाणखान्याच्या खिडकीत समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवण्याची टूमच तेव्हा निघाली. मात्र खिडकीतील सूर्यप्रकाशाने काही दिवसांतच पाणी हिरवेगार होई, काचेवर शेवाळ चढे आणि उन्हाळ्यात पाणी तापून प्राणी मरत. त्यामुळे त्या काळातील जाणत्या लोकांना प्रकाश हा मित्रापेक्षा शत्रूच वाटू लागला. मत्स्यालयांच्या रचनेत नाव मिळविलेल्या विल्यम लॉइड याने १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालयासाठी जमिनीखाली, अंधारात, भलामोठा साठा बांधला आणि वरच्या टाक्यांतील पाणी त्यातून सतत खेळते ठेवले. अंधारात शेवाळ वाढत नाही, हा त्यामागील विचार. थंड समुद्रातील प्राण्यांपुरता तो बरोबरही होता.

पोवळ्याला उजेड का लागतो, याचा पहिला धागा सापडला तो पिवळसर तपकिरी रंगाच्या काही कणांत. समुद्रपुष्पांच्या आणि पोवळ्यांच्या देहात सूक्ष्मदर्शकाखाली असे गोल कण दिसत. ते प्राण्याचाच भाग असावेत, असा समज होता. १८८१ साली कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाने ते स्वतंत्र शैवल आहेत असे दाखवून त्यांना ‘झूक्झँथेला’ हे नाव दिले. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या पॅट्रिक गेडीस याने असे शैवल बाळगणारे प्राणी उन्हात ठेवून त्यांतून निघणारा वायू तपासला, तेव्हा त्यात प्राणवायूचे प्रमाण मोठे आढळले. म्हणजे प्राण्याच्या पोटात वनस्पतीचा संसार चालला होता, आणि तो उन्हावर चालला होता. हेच गेडीस पुढे नगररचनेच्या शास्त्राकडे वळले आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे पहिले प्राध्यापक झाले. समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. शहर आणि त्याचा परिसर यांच्या परस्परावलंबनाविषयी मुंबईत बोलणाऱ्या या गृहस्थांनी तरुणपणी पोवळ्यांच्या भाईबंदांत सहजीवन पाहिले होते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

तरीही वाद मिटला नाही. १९२८-२९ मध्ये सर मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली इंग्रज शास्त्रज्ञांची एक तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील लो आइल्स या चिमुकल्या बेटांवर वर्षभर राहिली. त्यांनी काही पोवळी प्रकाश न शिरणाऱ्या पेट्यांत ठेवून पाहिली. काही काळाने पोवळ्यांनी आपल्या देहातील शैवल बाहेर टाकले. मात्र अन्न मिळत राहिल्यास ती जगली. पोवळे हा मूलतः मांसाहारी प्राणी असून शैवल त्याची घाण तेवढी वाहून नेते, असा निष्कर्ष याँग यांनी काढला. प्रयोग चोख होता. पण पोवळे किती काळ तग धरते आणि ते किती जोमाने वाढते, हे दोन वेगळे प्रश्न होत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर किरणोत्सारी अणूंच्या साहाय्याने मिळाले. १९५८ साली अमेरिकेत मस्कॅटीन व हँड यांनी खुणेचा कार्बन वापरून दाखविले की समुद्रपुष्पातील शैवलाने सूर्यप्रकाशात तयार केलेले अन्न यजमान प्राण्याच्या पेशींत उतरते. त्याच सुमारास, १९५९ साली, जमेकात थॉमस गोरो यांनी खुणेच्या कॅल्शियमने पोवळ्याच्या सांगाड्याची वाढ मोजली. अंधारापेक्षा उजेडात ती कित्येक पटींनी वेगाने होत होती आणि शैवल नसलेल्या पोवळ्यात मंदावत होती. आता शंका उरली नाही. प्रवाळभित्तीचे पोवळे शिकार करते हे खरे; पण त्याची रोजची भाकरी उन्हात भाजली जाते. ज्याला ते घरात ठेवायचे असेल, त्याला ऊनही घरात आणावे लागणार होते.

नवल असे की ज्या काळात प्रयोगशाळेत हे सिद्ध होत होते, त्याच काळात जकार्ता येथील ली चिन एंग हे गृहस्थ तेच हाताने करून दाखवीत होते. त्यांच्याकडे ना महागडी गाळणयंत्रे होती, ना दिवे. समुद्राचे ताजे पाणी, जिवाणूंनी आणि बारीक जीवांनी भरलेले सजीव खडक, हवेचे मोजके बुडबुडे आणि विषुववृत्ताजवळचे ऊन, एवढ्या भांडवलावर त्यांच्या टाक्यांत मासे व पोवळी एकत्र नांदत. १९६१ साली एका अमेरिकन मासिकात त्यांनी आपली ‘निसर्गपद्धती’ प्रसिद्ध केली. वाचकांनी तोंडात बोटे घातली आणि अनुकरणाचे प्रयत्नही केले. पण बर्लिन, लंडन किंवा शिकागो येथे हिवाळ्यात जकार्ताचे ऊन कोठून येणार? म्हणून दिव्याचा शोध खऱ्या अर्थाने सुरू झाला तो या थंड, ढगाळ नगरांत.

साधा तारेचा दिवा तेथे निरुपयोगी होता; त्यात जळणाऱ्या विजेचा दशांशही दृश्य प्रकाशात उतरत नाही, बाकी सारी उष्णता होते. १९३८ साली बाजारात आलेली प्रतिदीप्त नळी, म्हणजे आपली ट्यूबलाइट, ही थंड व स्वस्त होती. तिच्याखाली मासे सुरेख दिसत. पण पोवळी महिन्या-दोन महिन्यांत फिकी पडत, आकसत आणि शेवटी पांढरा सांगाडा मागे राही. पाण्याच्या दोषाने ती मरतात, असे बहुतेकांना वाटे आणि पुष्कळदा ते खरेही असे. परंतु टाकी माणसाला लख्ख उजळलेली दिसत असतानाही पोवळी उपाशी असू शकतात, ही गोष्ट कोणाच्या सहजासहजी ध्यानी येत नसे.

ती ध्यानी न येण्याचे कारण आपल्या डोळ्यांच्या घडणीत आहे. माणसाचा डोळा प्रकाशाच्या तीव्रतेशी फार लवकर जुळवून घेतो. भर दुपारच्या अंगणातून आपण दिवाणखान्यात येतो तेव्हा प्रकाश शेकडो पटींनी उतरलेला असतो. पण क्षणभर डोळे मिचकावले की खोली पुरेशी उजेडाची वाटते. पोवळ्यातील शैवलाला असे डोळे मिचकावता येत नाहीत. उष्ण कटिबंधात मध्यान्ही समुद्राच्या पृष्ठावर दर चौरस मीटरवर दर सेकंदास सुमारे २००० मायक्रोमोल प्रकाशकण पडतात. जुन्या पद्धतीच्या दोन-चार नळ्यांखाली टाकीच्या तळाशी यातील पन्नासही पोचत नसत.

ही तूट भरून काढली ती मेटल हॅलाइड दिव्याने. पाऱ्याच्या वाफेत काही धातूंचे क्षार मिसळून प्रखर पांढरा प्रकाश देणारा हा दिवा १९६० नंतरच्या दशकात क्रीडांगणे, कारखाने व रस्ते यांसाठी प्रचारात आला. १९७० नंतरच्या वर्षांत आणि पुढील दशकात जर्मनीतील छांदिष्टांनी तो टाकीवर टांगला. स्वित्झर्लंडचे पीटर विल्केन्स आणि बर्लिनचे डीट्रिख स्ट्यूबर ही या चळवळीतील आदराची नावे होत. सजीव खडक, पाण्यातील सेंद्रिय मळ फेसाबरोबर काढून टाकणारे यंत्र आणि प्रखर प्रकाश, या त्रयीला ‘बर्लिन पद्धती’ असे नाव पडले. स्ट्यूबर यांच्या टाकीत फांद्यांचे नाजूक ‘ॲक्रोपोरा’ पोवळे इतके वाढले की त्याच्या काड्या मोडून मित्रांना देण्यात येऊ लागल्या आणि हातोहाती ते पोवळे देशोदेशींच्या टाक्यांत पोचले. तुळशीचे रोप शेजारणीला द्यावे तशी ही देवाणघेवाण. अमेरिकेत १९८६ साली जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने असाच उत्साह निर्माण केला. ज्या पोवळ्याला पूर्वी कोणी घरात महिनाभर जगवू शकत नव्हते, त्याला आता छाटावे लागू लागले.

प्रकाश पुरेसा मिळाला; तो कोणत्या रंगाचा असावा, हा पुढचा प्रश्न. समुद्राचे पाणी सर्व रंगांना सारखे वाट देत नाही. तांबडा प्रकाश पहिल्या पाच-दहा मीटरांतच बहुतांशी शोषला जातो, निळा सर्वांत खोल जातो. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘आंग्रिया बँक’ ही बुडालेली प्रवाळभूमी वीस मीटरांहून खोल आहे. तेथील पोवळ्यांचा दिवस निळाच असतो. पोवळ्यातील शैवलाची रंगद्रव्येही या निळ्या-हिरव्या उजेडावर पोसली जाण्यास योग्य अशी आहेत. म्हणून छांदिष्टांनी पांढऱ्या दिव्याच्या जोडीला ४२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देणाऱ्या निळ्या नळ्या लावल्या. या नळ्या मुळात वेगळ्याच प्रकाशरासायनिक कामांसाठी बनविलेल्या होत्या. पुढे दिव्यांवर ६५००, १०,०००, २०,००० अशा केल्व्हिन अंशांच्या चिठ्ठ्या आल्या. आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळा, एवढेच ग्राहकाला कळे. आणि आकडा मोठा म्हणजे दिवा जोरदार, असा पुष्कळांचा गैरसमज होई.

येथे मोजमापाचा घोळ उघडकीस आला. दिव्याचा जोर ‘ल्यूमेन’मध्ये सांगण्याची प्रथा आहे. पण ल्यूमेन हे माप माणसाच्या डोळ्यावरून बेतलेले. १९२४ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने सरासरी माणसाच्या डोळ्याची जी संवेदनशीलता प्रमाण मानली, तीत ५५५ नॅनोमीटरचा पिवळट हिरवा प्रकाश सर्वांत तेजस्वी, आणि निळा फार फिका. म्हणजे पोवळ्याच्या दृष्टीने जो प्रकाश सकस, तो या मापाने नगण्य ठरतो. दिवाणखान्यासाठी केलेली मोजपट्टी घेऊन आपण समुद्राची खोली मोजू पाहत होतो. वनस्पती ज्यावर जगतात त्या ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातील प्रकाशकण सरळ मोजणारे यंत्र शेतकीशास्त्रात वापरात होते. तेच टाकीत उतरवावे लागले. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक डॉ. संजय जोशी यांनी टाक्यांवरील मेटल हॅलाइड दिवे एकामागून एक मोजून त्यांचे वर्णपट व फोटॉनांचे आकडे प्रसिद्ध केले. सारख्याच वॅटच्या दोन दिव्यांत मोठी तफावत असते. दिव्याला वीज पुरविणारे चोक बदलले तरी आकडे बदलतात. आणि अधिक निळे दिवे बहुधा एकूण फोटॉन कमीच देतात, या गोष्टी त्यामुळे लोकांपुढे आल्या. चिठ्ठीवर विसंबून दिवा घेण्याचे दिवस तेव्हापासून सरू लागले.

शेवटची मोठी क्रांती झाली ती निळ्या एलईडीमुळे. तांबडे व हिरवे एलईडी आधीपासून होते. प्रखर निळा जपानमध्ये १९९३ साली शुजी नाकामुरा यांनी सिद्ध केला. इसामू आकासाकी व हिरोशी आमानो यांचे मूलभूत कार्य त्याच्या पाठीशी होते आणि २०१४ साली या तिघांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या दिव्याने घराघरातील विजेचे बिल उतरवले, त्याबरोबर पोवळ्यांनाही त्यांचा निळा दिवस दिला. २००६ नंतर टाकीवर लावण्याचे एलईडी दिवे बाजारात आले आणि दहा-बारा वर्षांत ते रूढ झाले. मेटल हॅलाइडच्या २५० किंवा ४०० वॅटच्या दिव्याने पाणी तापे आणि ते थंड करण्यास वेगळे यंत्र लागे. ते संकट पुष्कळसे टळले. रंगांचे प्रमाण बोटाच्या इशाऱ्याने बदलता येऊ लागले, सकाळ उजाडावी तसा दिवा हळूहळू चढविता व संध्याकाळी उतरविता येऊ लागला.

इतका इतिहास पाठीशी असल्यावर आज दिवा निवडणाऱ्याने काय पाहावे? प्रथम आपण काय पाळणार ते ठरवावे, मग दिवा. मऊ पोवळी व छत्रीसारखी पसरणारी ‘मश्रूम’ पोवळी ५० ते १५० मायक्रोमोलवर समाधानी राहतात. मांसल, मोठ्या पॉलिपांच्या जातींना त्याहून थोडे अधिक लागते. ॲक्रोपोरासारख्या फांदीदार जातींना २०० ते ३५० किंवा त्याहूनही जास्त. हे अनुभवाने ठरलेले ढोबळ आकडे होत. दुसरे, प्रकाश टाकीत कसा पसरतो ते पाहावे. लांब नळ्या सर्वत्र सारखा प्रकाश देतात, पण पाण्यावरच्या लाटांची झिळमिळ तळाशी उमटत नाही. एकाच बिंदूतून येणारा प्रकाश ती झिळमिळ देतो, पण फांद्यांच्या खालच्या बाजूस गडद सावली पाडतो, आणि सावलीतली फांदी मरते. म्हणून एका प्रखर दिव्यापेक्षा विखुरलेले दोन-तीन मध्यम दिवे पुष्कळदा बरे. तिसरे, दिवसाची लांबी. प्रवाळभूमीवर दिवस सुमारे बारा तासांचा असतो. टाकीवरही दहा-बारा तासांहून अधिक उजेड नको, आणि रात्र ही रात्रच असावी. चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे, नवा दिवा मंद लावावा व काही आठवड्यांत चढवीत न्यावा. एलईडीच्या पहिल्या वर्षांत कित्येकांनी डोळ्याला मंद वाटणारा निळा प्रकाश पूर्ण जोरावर सोडला आणि आपली पोवळी पांढरी करून घेतली. पूर्वी डोळ्याने फसवले ते उपासमारीकडे नेऊन, आता फसवले ते अतिभोजनाकडे नेऊन. प्रकाशकण मोजण्याचे यंत्र एक दिवस उसने आणले तरी ही चूक टळते.

निळ्या दिव्याचा आणखी एक मोह आहे. न्यू कॅलिडोनियातील नूमेआ येथे १९५६ साली मत्स्यालय उघडणारे रने काताला यांनी पोवळ्यांवर अतिनील किरण सोडले, तेव्हा अंधारात ती हिरव्या, नारिंगी, तांबड्या तेजाने पेटून उठली. हे तेज पोवळ्यातील विशिष्ट प्रथिनांचे असते. त्यांचा एक उपयोग अतिप्रकाशापासून बचाव हा असावा, असे मानतात. आजचा ग्राहक पुष्कळदा या दिवाळीसाठीच निळा दिवा घेतो. त्यात गैर काही नाही. परंतु जे आपल्याला देखणे वाटते ते पोवळ्याला पोषकच असेल असे नव्हे, एवढे भान असावे. दिवा दोघांसाठी असतो, पण उपाशी राहण्याची पाळी एकावरच येते.

हा विवेक केवळ टाकीपुरता नाही. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादाच अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर जो प्रकाश अन्न देत होता तोच विष होतो. शैवलाचे प्रकाशसंश्लेषण बिघडते, घातक द्रव्ये निर्माण होतात, पोवळे आपल्या सोबत्याला बाहेर टाकते आणि पांढरे पडते. टाकीचा धनी अशा वेळी दिवा मंद करू शकतो. समुद्रावरचा सूर्य मंद करणे कोणाच्या हाती नाही. लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींनी १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली हे विरंजन सोसले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जागतिक विरंजनाची चौथी लाट जाहीर केली.

म्हणूनच या छंदातून निघालेली एक विद्या आज मोलाची ठरत आहे. ऑस्ट्रेलियाकडील पोवळी, आपल्याकडे कोजागरी आणि त्रिपुरी पौर्णिमा येतात त्याच ऋतूत, पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्री एकाच वेळी आपली बीजे पाण्यात सोडतात. हा सोहळा शास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या वर्षांत प्रथम नोंदविला. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद खोलीत दिव्यांनी सूर्योदय-सूर्यास्त, ऋतुमान आणि चंद्राच्या कला यांची नक्कल केली, आणि पोवळ्यांनी त्या कृत्रिम चांदण्यालाही प्रतिसाद दिला. हे कार्य २०१७ साली प्रसिद्ध झाले. याच पद्धतीने २०१९ साली अमेरिकेतील फ्लोरिडा मत्स्यालयात तेथील संकटग्रस्त स्तंभपोवळ्यांनी बीजे सोडली. समुद्रात ज्यांची संख्या रोडावली त्यांची पिले दिव्याखाली जन्मास आली.

आपल्या देशात दगडी पोवळी २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती समुद्रातून काढणे, विकणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे, आणि तो तसाच असावा. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात १९५१ पासून आपल्यापैकी अनेकांनी काचेआडचा समुद्र प्रथम पाहिला. पोवळ्यांची भेट मात्र आपल्याला मालवणच्या, मन्नारच्या, कच्छच्या, अंदमानच्या आणि लक्षद्वीपच्या पाण्यातच घ्यावी लागेल. तेथे त्यांच्या घरचा दिवा रोज सकाळी आपोआप लागतो. तो निवडण्याची जबाबदारी आपल्यावर नाही. पाणी तापू न देणे आणि गढूळ होऊ न देणे, हे मात्र अद्याप पुष्कळसे आपल्याच हातात आहे.